वस्तूला बोलू द्या: प्रतिमेतून आशय आणि भावना पोचवण्याची रीत

‘डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी.’ गंगाखेडच्या जनाबाईंची ही ओळ आपण सगळेच ऐकत आलो आहोत. या ओळीत पदर फक्त वीतभर खाली सरकतो. पण ज्या समाजात बाईच्या डोक्यावरचा पदर म्हणजे घराची लाज, तिथं त्या वीतभर अंतरात सगळं बंड मावतं. भीती, लाज, स्वातंत्र्य, भक्ती यांतला एकही शब्द ओळीत नाही. आहे तो पदर, खांदा आणि भरलेला बाजार. बाजार ‘भरलेला’ आहे हेही नीट पाहा. रिकाम्या गल्लीतून पदर न सावरता जाणं वेगळं आणि शेकडो डोळ्यांपुढून जाणं वेगळं.

लातूर, बीड, परभणी, नांदेडकडचे अनेक नवे लेखक कथा-कविता लिहिताना एकाच जागी अडतात. आत सांगण्यासारखं भरपूर असतं, पण कागदावर ‘दुःख’, ‘वेदना’, ‘काळोख’, ‘जखम’ असे मोठे शब्द उतरतात आणि वाचक कोरडा राहतो. त्यांच्यासाठी हा लेख आहे. प्रतिमा हा लिखाणावर मागाहून चढवायचा दागिना नाही. ती आधी खरी वस्तू असते, गोष्टीत तिला काम असतं आणि त्या कामातूनच भाव पाझरतो. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

संज्ञांचा गोंधळ आधी थोडक्यात मिटवू. ‘तिचा चेहरा करपलेल्या भाकरीसारखा’ ही उपमा. ‘सारखा’ काढून चेहऱ्यालाच भाकरी म्हटलं की रूपक. इंद्रियांना जाणवेल अशी कोणतीही वस्तू, आवाज, वास किंवा हालचाल शब्दांत उभी केली की ती प्रतिमा. तीच प्रतिमा पुन्हा पुन्हा येऊन स्वतःपलीकडचा अर्थ वाहू लागली की तिचं प्रतीक होतं. लिहायला बसल्यावर याहून जास्त व्याकरण लागत नाही.

पायरी पहिली: आशय स्वतःपुरता एका वाक्यात लिहा

‘दुष्काळ’ हा विषय झाला, आशय नव्हे. ‘दुष्काळात गाव पाण्याआधी एकमेकांवरचा विश्वास गमावतं’ हा आशय. ‘ऊसतोड’ हा विषय. ‘वर्षातले सहा महिने घर घर राहत नाही, आणि उरलेल्या सहा महिन्यांतही ते पाहुण्यांचंच असतं’ हा आशय. असं वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि ते कथेत कुठंही येऊ देऊ नका. तुम्ही निवडलेली प्रत्येक प्रतिमा त्या वाक्यापुढे उभी करून विचारा, ही याच्या बाजूनं काही काम करते का? करत नसेल तर कितीही सुंदर असली तरी ती दुसऱ्या कथेसाठी ठेवा.

वाक्य नीट जमत नसेल तर घाई करू नका. पहिला खर्डा झाल्यावर ते सापडलं तरी चालतं. मात्र दुसरा खर्डा त्याच्याशिवाय सुरू करू नये.

पायरी दुसरी: वस्तू गोळा करा, नावानिशी

एक छोटी वही घ्या आणि ओळखीच्या जागी बसा. मोंढ्यात सोयाबीनचा लिलाव चालू असतो तिथं बसा, बसस्थानकावर बसा, येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, शेतात जेवणाची पंगत बसते तिथं बसा. दिसतं ते लिहाच, पण डोळ्यांवर फार विसंबू नका. आपल्या लिखाणात डोळा फार बोलतो आणि बाकीची इंद्रियं गप्प असतात. मोंढ्यात पोत्यांचा तागाचा वास आहे, नाकात जाणारी धूळ आहे, दाणे तळहातावर घेऊन पाहणाऱ्या खरेदीदाराच्या बोटांची हालचाल आहे. ओल किती आहे ते पाहण्यासाठी तो दाणा दाताखाली धरतो. तो ‘कट्’ असा आवाज शेतकऱ्याला किती मोठा ऐकू येत असेल! वर्षभराची मेहनत त्या एका दाण्यावर ठरते. अशी एक नोंद दहा वर्णनांना भारी पडते.

नोंद करताना वस्तूचं नेमकं नाव लिहा. ‘झाड’ लिहू नका. बाभूळ, चिंच, लिंब लिहा. ‘भांडं’ लिहू नका. परात, तांब्या, घागर लिहा. येळवशीचं जेवण नुसतं ‘जेवण’ नसतं. आंबील असते, भज्जी असते, बाजरीचे उंडे असतात आणि शेतात कडब्याची कोप उभी केलेली असते. नाव नेमकं आलं की जागा, ऋतू आणि माणसाची परिस्थिती त्याच्याबरोबर आपोआप येते. ‘कोप’ म्हटलं की सणाच्या दिवशी पूजेची जागा उभी राहते, आणि हाच शब्द साखर कारखान्याच्या आवारात म्हटला की ऊसतोड कामगाराचं सहा महिन्यांचं घर. एकाच वस्तूत सण आणि हाल दोन्ही आहेत. असं काही हाती लागलं की वहीत त्याच्याभोवती गोल करून ठेवा.

पायरी तिसरी: झिजलेल्या प्रतिमा ओळखा

मराठवाड्यावर लिहायचं म्हटलं की पहिल्या ओळीत भेगाळलेली जमीन येते. वर्तमानपत्रांतल्या छायाचित्रांनी ती आपल्या मनात पक्की बसवली आहे. पण शेतकऱ्याला विचारा. काळ्या जमिनीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून चांगल्या पावसाच्या वर्षीही उन्हाळ्यात तिला भेगा पडतातच. पहिल्या पावसाचं पाणी त्याच भेगांतून खोल उतरतं. म्हणजे जी खूण आपण दुष्काळाची म्हणून वापरतो, ती खरं तर दर वर्षीच्या वैशाखाची आहे. काळीत राबलेल्या माणसाला ही ओळ वाचताना लगेच कळतं की लिहिणारा लांबून पाहतो आहे.

मग दुष्काळाची खरी खूण कोणती? ती जमिनीपेक्षा माणसांच्या वागण्यात शोधा. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. रेल्वे म्हणजे माणसं जातात आणि येतात, ही आपली सवय. तीच गाडी प्रवाशांऐवजी पाणी घेऊन येते तेव्हा शहराचं काहीतरी मुळातून बदललेलं असतं. किंवा याहून लहान खुणा पाहा. पाहुण्याला पाणी विचारण्याआधी घरातल्या बाईची क्षणभर माठाकडे गेलेली नजर. आंघोळीचं पाणी परातीत धरून त्यातच धुतलेली पोराची चड्डी. टँकर आल्यावर ज्याची पाळी आहे त्याच्या घागरीकडे न पाहता उभे राहणारे शेजारी. या खुणा भेगांसारख्या वापरून गुळगुळीत झालेल्या नाहीत, आणि यांतली प्रत्येक खूण ‘विश्वास आटतो’ या आशयाच्या बाजूनं काम करते.

झिजलेली प्रतिमा ओळखण्याची सोपी कसोटी: वाक्याचा पहिला अर्धा भाग वाचून दुसरा कुणीही सांगू शकेल का? ‘डोळ्यांतून अश्रूंच्या’ म्हटलं की ‘धारा’ येणारच. ‘काळजाचं’ म्हटलं की ‘पाणी’ येणारच. अशी वाक्यं पहिल्या खर्ड्यात येऊ द्यावीत, पण दुसऱ्यात ठेवू नयेत.

पायरी चौथी: वस्तूला आधी खरं काम द्या

चंद्र, वादळ, पिंजरा, पणती या गोष्टी आपण बहुतेक वेळा केवळ अर्थासाठी आणतो. कथेतल्या माणसांना त्यांच्याशी काही देणंघेणं नसतं, म्हणून त्या चिकटवल्यासारख्या वाटतात. याउलट माळवद घ्या. जुन्या मराठवाड्यातलं घर म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया आणि वर मातीचा थर. उन्हाळ्यात ते घर गार राहायचं. माळवदावर शेवया वाळायच्या, मिरच्या वाळायच्या, रात्री अंथरुणं पडायची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला, तेव्हा ज्या जाडजूड भिंतींनी आणि मातीच्या ओझ्यानं इतकी वर्षं सावली दिली, त्यांच्याच खाली झोपलेली माणसं गाडली गेली. आदल्याच दिवशी गणपती बुडवून लोक घरी परतले होते.

या वस्तूला वेगळं प्रतीक करावं लागत नाही. ज्यानं सांभाळलं त्यानंच मारलं, हा अर्थ तिच्या रचनेतच आहे. त्या भागावर लिहिणाऱ्यानं पहिल्या चार पानांत माळवदावर शेवया नीट वाळत घातल्या, कुणाला तरी तिथं गारव्याला झोपवलं, पाऊस लागण्याआधी गळू नये म्हणून त्यावर मातीचा आणखी एक थर चढवला, की पुढं त्याला काही समजावून सांगावं लागणार नाही. तो वरचा थर, प्रेमानं आणि काळजीनं टाकलेला, वाचकाच्या छातीवर येऊन बसेल.

अशी दोन बाजूंची वस्तू सापडली तर ती सोडू नका. एकच बाजू असलेली प्रतिमा भावना दाखवते. दोन बाजूंची प्रतिमा भावनेतला ताणही दाखवते, आणि कथेला तोच लागतो.

पायरी पाचवी: भावनेचं नाव खोडा

ही सूचना आधुनिक आहे असं अनेकांना वाटतं, पण ती आपल्याकडे फार जुनी आहे. मम्मट या जुन्या संस्कृत काव्यशास्त्रकारानं ‘काव्यप्रकाशा’त रसाचे दोष सांगितले. त्यांत पहिलाच दोष असा की रस किंवा भाव स्वतःच्या नावानं सांगून टाकणं. शोक वाचकात जागवायचा असतो. ‘शोक’ हा शब्द लिहून तो जागत नाही.

याचा उत्तम नमुना आपल्याच गोदाकाठचा आहे. पैठण ही सातवाहनांची राजधानी. हाल या सातवाहन राजाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे सातशे गाथा आहेत. त्यांतल्या एकीत एक बाई एका धार्मिक गृहस्थाला सांगते: बुवा, आता खुशाल हिंडा. ते कुत्रं आज मारलं गेलं, गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या त्या माजलेल्या सिंहानं मारलं. वरवर पाहता ती त्याला अभय देते. पण कुत्र्याला घाबरणारा माणूस सिंहाच्या झाडीत कशाला जाईल? ती झाडी तिची प्रियकराला भेटण्याची जागा आहे, आणि हा गृहस्थ तिथं फिरून एकांत मोडतो आहे. ओढ, धास्ती, चतुराई यांतलं एकाचंही नाव गाथेत नाही. आहेत ते कुत्रा, सिंह आणि झाडी. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोका’त ध्वनी, म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ, काय असतो ते सांगायला ही गाथा उदाहरण म्हणून घेतली. पैठणच्या परिसरातल्या एका न बोललेल्या गोष्टीवर काश्मीरमध्ये शास्त्र उभं राहिलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

करायचं असं. खर्डा छापून घ्या किंवा हातानं उतरवा. उदास, आनंदी, एकाकी, भयाण, करुण, हळवं, अस्वस्थ असे सगळे शब्द लाल पेनानं खोडा. मग वाचा. जिथं अर्थ तरीही पोचतो तिथं शब्द गेलाच पाहिजे. जिथं भोक पडतं तिथं प्रतिमा अजून तयार नाही, ती शोधायची आहे. पात्राच्या तोंडी मात्र भावनेचं नाव चालतं. माणसं बोलताना ‘लई वाईट वाटलं’ म्हणतातच, आणि कित्येकदा ती ते खोटंही म्हणतात.

पायरी सहावी: कोण पाहतं ते ठरवा

पाऊस म्हणजे आनंद, हे पुस्तकातलं समीकरण. मृगात पेरणी करून आभाळाकडे पाहणाऱ्याला तो आनंद आहेच. पण तोच पाऊस ऑक्टोबरात, सोयाबीन कापून गंजी लावल्यावर आला तर? शेतकरी अर्ध्या रात्री ताडपत्री घेऊन धावतो, कोपऱ्यांवर दगड ठेवतो आणि दोन दिवसांनी गंजीत हात घालतो तेव्हा आतून ऊब लागते. शेंगांतल्या दाण्यांना कोंब फुटलेले असतात. एरवी कोंब म्हणजे नवं जीवन. इथं कोंब म्हणजे नुकसान. पाहणारा बदलला की प्रतिमेचा अर्थ उलटतो. म्हणून ‘पाऊस पडत होता’ लिहिण्याआधी तो कुणाच्या अंगावर, कोणत्या महिन्यात आणि कशाच्या ढिगावर पडतो ते ठरवा.

उपमाही पात्राच्या हाताशी असलेल्या गोष्टींतूनच यावी. गुराख्याच्या पोराच्या नजरेतून चाललेल्या कथेत ‘सागराच्या लाटांसारखं गवत’ येऊ नये, कारण त्यानं समुद्र पाहिलेला नाही.

पायरी सातवी: वस्तू पुन्हा आणा, पण बदलून आणा

आता सगळं एकत्र करून पाहू. आशय वर आलेला आहे: वर्षातले सहा महिने घर घर राहत नाही. मुलगा-सून मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात, आजी आणि नातू मागे राहतात. पहिला खर्डा बहुधा असा येतो:

‘मुलगा-सून ऊसतोडीला गेले. आजीला फार एकटं वाटू लागलं. घर खायला उठलं. तिच्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा वाहू लागल्या. दिवस कसे काढायचे या विचारानं तिचं काळीज तुटत होतं.’

यात खोटं काही नाही, पण वाचकाला धरायला काहीच नाही. या घरात माणसं कमी झाल्याचं पहिल्यांदा कशाला कळेल? धान्याच्या मापाला. पायली म्हणजे चार शेर, मापटं म्हणजे अर्धा शेर. ही दोन मापं आपण कथेत तीन ठिकाणी आणू.

पहिल्यांदा, दसऱ्याच्या आधी:

‘आजीनं कणगीतून पायली भरली, वरून हातानं सपाट केली आणि डब्यात ओतली. “दळण टिकतच न्हाई माय या घरात,” ती सुनेला म्हणाली. “परवा पुना गिरणी.”’

दुसऱ्यांदा, ट्रॅक्टर गेल्यावर:

‘आजीनं पायली भरली, वरून सपाट केली. मग थांबली. जोंधळा कणगीत परत ओतला, कोनाड्यातलं मापटं काढून पदरानं पुसलं. गिरणीवाल्यानं डबा हलवून पाहिला. “एवढंच का आज्जे?” “लई झालं,” आजी म्हणाली.’

तिसऱ्यांदा, चैत्रात टोळी परतल्यावर:

‘सून कणगीपाशी गेली, इकडंतिकडं पाहिलं. “पायली कुठंय ओ आत्याबाई?” “शेजारी दिलीय. त्यांच्यात खाणारी हायेत.” आजी उठली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि वळली. “किती दिस हाव तुमी? त्या हिशोबानं आणते.”’

पहिल्या वेळी पायली ही निव्वळ पायली आहे, आणि तिच्याबरोबर तक्रारही आहे. ही तक्रार महत्त्वाची. भरल्या घराचा त्रास वाटत होता, हे आधी दिसलं नाही तर रितेपण पोचत नाही. दुसऱ्या वेळी हाताची सवय आणि डोक्याला कळलेलं वास्तव यांत अंतर पडतं. भाव त्या ‘मग थांबली’ या दोन शब्दांत आहे, आणि तिथं एकही विशेषण नाही. तिसऱ्या वेळी वस्तू घरात नाहीच. तिच्या नसण्यानं आजीनं मनाशी काय ठरवलं होतं ते कळतं, आणि शेवटच्या प्रश्नात माया आहे की राग हे वाचकानं ठरवायचं. दोन्ही असावेत, असं मला वाटतं.

वस्तू तीनदाच यावी असा नियम नाही. पण दर वेळी तिची जागा, स्थिती किंवा मालक बदलला पाहिजे. जशीच्या तशी परत आली तर वाचकाला लेखक खुणावतो आहे असं वाटतं. दोन येण्यांमध्ये पुरेसं अंतरही असू द्या. वाचक तिला थोडा विसरला पाहिजे.

लांब रूपक चालवायचं असेल तर

कधी एकच प्रतिमा पूर्ण रचनेवर ताणायची असते. त्यासाठी पैठणच्या एकनाथांचं विंचवाचं भारूड समोर ठेवा. ‘काम क्रोध विंचू चावला, तम घाम अंगासी आला’ अशी सुरुवात करून नाथ विंचू सोडत नाहीत. चावा आहे, घाम आहे, अंगभर वेदना आहे, मग उतारा आणि अंगारा आहे, आणि शेवटी विष उतरणं आहे. खऱ्या विंचवाच्या चाव्यात जे क्रमानं होतं तेच अध्यात्मातही होतं. गावातल्या कुणालाही विंचू चावलेला माणूस ठाऊक होता, म्हणून तत्त्वज्ञान थेट अंगात भिनलं.

तुम्हीही मूळ वस्तूचा खरा क्रम आधी लिहून काढा आणि मग प्रत्येक टप्प्यासमोर आशयाचा टप्पा मांडा. एखादा टप्पा जुळत नसेल तर ओढूनताणून बसवू नका, वगळा. आणि मध्येच दुसरं रूपक आणू नका. विंचवाच्या विषावर वादळ आणलं की दोन्ही उतरतात.

शेवटची छाटणी

मोठ्यानं वाचा. एका परिच्छेदात तीन प्रतिमा असतील तर दोन जाऊ द्या, कारण त्या एकमेकींना झाकतात. निसर्गवर्णनाच्या परिच्छेदातून पात्र काढून पाहा. काहीच फरक पडत नसेल तर तो परिच्छेद कथेचा नाही. क्रियापदं तपासा. ‘होता’, ‘होती’नं संपणाऱ्या ओळी फार झाल्या की वस्तू नुसत्या ठेवलेल्या दिसतात. पायली ‘होती’ यापेक्षा पायली भरली, ओतली, शेजारी गेली यात जीव आहे.

राहिला प्रश्न बोलीतल्या शब्दांचा. कोल्हापूरच्या किंवा मुंबईच्या वाचकाला कोप, माळवद, कणगी कळेल का, अशी भीती वाटून पुष्कळ जण कंसात अर्थ देतात. वाचक त्या कंसाशी थबकतो आणि कथेतून बाहेर येतो. त्यापेक्षा वस्तू वापरात दाखवा: ‘पाचटाच्या कोपीचं तोंड इतकं बुटकं होतं की आत शिरताना तिला वाकून परात पुढं सरकवावी लागली.’ उसाचं पाचट, बुटकं तोंड, वाकणारी बाई एवढं दिसलं की कोप म्हणजे काय ते कळलं. एवढं झालं की कंस काढून टाका.